आठवा हात

पाटेश्वरच्या मोजणीत चूक माझी झाली, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसच्या फाइलमध्ये मात्र ती अजून दगडाचीच चूक आहे.

जुन्या देवळांचे नकाशे काढणं हे माझं काम. टेप धरला की झालं, असं लोकांना वाटतं. पण डोंगरात कोरलेल्या लेण्यात काटकोन नावाची वस्तूच नसते. चारही भिंती मोजून चौकोन काढलात तर कागदावर छान बसतो, जागेवर बसत नाही. म्हणून दोन्ही कर्ण घ्यायचे. टेप एका कोपऱ्यात रोवून सगळी मापं ओळीने वाचत जायची, कारण तुकडे मोजून बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची चूक त्या बेरजेत साठते. पातळी पाण्याच्या नळीने. लेझर मीटर आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या तेल प्यायलेल्या काळ्या, ओल्या दगडावर तो लावला की नुसता ‘एरर’ दाखवतो. तो विकत घेणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात गाभाऱ्यात यावं.

साताऱ्याजवळच्या देगावच्या डोंगरावर पाटेश्वर आहे. गाडी सोडून चालायला लागलं की वाटेत गणपती, मग पुष्करणी, मरगळ म्हशीचं लेणं, परशुराम नारायण अनगळांनी १८ व्या शतकात बांधलेलं सदाशिवाचं देऊळ, आणि वऱ्हाडघराची लेणी. आणि सगळीकडे शिवलिंगं. तळहातावर मावेल एवढं, मिठीत मावणार नाही एवढं, मुखं असलेलं, अंगभर बारीक बारीक लिंगांच्या ओळी कोरलेलं. आमच्या तक्त्यात ‘नग’ असा रकाना होता. एकाच लिंगावर शेकडो लिंगं असतील तर एक नग लिहायचा की शेकडो? तक्ता करणाऱ्याने डोंगर पाहिलेला नव्हता, हे त्या एका शब्दावरून कळत होतं. मी रकाना रिकामा ठेवला.

मदतीला देगावचे एक मामा होते. वऱ्हाडघरात पाऊल टाकताना म्हणाले, “बघा ताई, समदी कशी पंगतीला बसल्यागत.” टेपाचं दुसरं टोक त्यांच्या हातात. पण शाळुंकेची, म्हणजे लिंगाखालच्या बैठकीची, पन्हळ ते ओलांडेनात. महादेवाची प्रदक्षिणा सोमसूत्री, पन्हळीपर्यंत जायचं आणि माघारी फिरायचं. मोजणीसाठी म्हणून देव नियम बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे प्रत्येक शाळुंका दोन बाजूंनी दोनदा मोजायची. मी चिडले, दिवस वाढणार होता. तासाभरात दोन बाजूंची बेरीज समोरून घेतलेल्या मापाशी जुळेना, तेव्हा पाहिलं तर टेपाचं टोक तुटून शून्यच गायब झालेलं. एकाच बाजूने मोजत राहिले असते तर सगळा डोंगर दोन सेंटीमीटरनी चुकीचा उतरला असता. हे मामांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग अग्निवृष. पाटेश्वरातली मला सगळ्यात आवडलेली मूर्ती. वृष म्हणजे बैल. एकीकडे नंदी आणि दुसरीकडे दोन तोंडांचा, दाढीवाला पुरुष. दुपारी हातात पेन्सिल होती, उजेड जात होता, घाई होती. रात्री साताऱ्यात मावशीकडे लॅपटॉपवर बसले. आमच्या धंद्यातली सवय अशी की अर्धा भाग नीट काढायचा, मधोमध रेषा मारायची आणि ‘मिरर’ द्यायचा. काढलेल्या अर्ध्यात चार हात होते. मिरर दिला, आठ झाले. किती सुबक दिसत होतं!

दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन जागेवर ताडून पाहायला गेले. मामांनी कागद मूर्तीसमोर धरला, बोटं मोजली.

“ताई, ह्यो एक हात कुठनं आणला?”

“मूर्तीचाच आहे की, मामा.”

“सातच हायती. ल्हानपणापासनं सातच हायती.”

आधी मी तुटल्याची खूण शोधली. बॅटरीचा उजेड आडवा टाकला. तुटलेल्या जागेची खरबरीत कड अशा उजेडात लपत नाही. तसं काही नव्हतं. घडवणाऱ्याने सातच हात घडवले होते.

ऑफिसला फोन केला. नकाशे तपासणारे सर म्हणाले, “सात कसे असतील? आठवा तुटक रेषेने दाखवा, ‘भग्न’ लिहा.” माणूस वाईट नाही, तुळया-खांबांत हुशार आहे, पण जे जुळत नाही ते मोडलेलं, यावर त्यांची श्रद्धा आहे.

मावशी शाळेत संस्कृत शिकवायची. जेवताना हे सांगितलं तर ताटावरचा हात तसाच ठेवून ती म्हणायला लागली, “चत्वारि शृङ्गा त्रयो अस्य पादा द्वे शीर्षे सप्त हस्तासो अस्य.” ऋग्वेदाचं चौथं मंडल. चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी, सात हात असलेला वृषभ. वेदातल्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्काने त्यात यज्ञ पाहिला, सात हात म्हणजे सात छंद. पतंजलीने पाणिनीच्या व्याकरणावरच्या महाभाष्यात त्याला शब्द मानलं. चार शिंगं म्हणजे नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, निपात म्हणजे अव्ययं, तीन पाय म्हणजे तीन काळ आणि सात हात म्हणजे सात विभक्ती.

“विभक्त्या आठ ना?” मी म्हणाले.

“मराठी शाळेतली आठवी संबोधन. ती पाणिनी वेगळी मोजत नाही.” मग हसून म्हणाली, “तुझ्या सरांना तीच हवी असेल. हाका मारायला.”

मी नकाशा सात हातांचा पाठवला, खाली ऋचा लिहिली. उत्तर आलं: संदर्भ ग्राह्य, तरी ‘बहुधा भग्न’ असा शेरा घालावा. मी घातलेला नाही. फाइल अडकून आहे.

पण झोप त्या शेऱ्याने उडालेली नाही. गेल्या वर्षी एका देवळाचा मंडप मी काढला होता. आठ खांब, सगळे सारखे. त्यातले चारच मोजले होते. तो नकाशा मंजूर झाला, त्यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही. परवा मामांना फोन केला, रविवारी टेप धरायला याल का म्हणून. “नवा टेप आणा,” म्हणाले. म्हणजे त्यांना ते तुटकं टोक दिसलं होतं.