तुम्ही विचारलंत म्हणून: खरा ईसी टीव्ही ओळखायचा कसा?

मी जमवलेले सात जुने टीव्ही बघून घरी येणारा जो तो आधी विचारतो, "चालतो का हो?" सातपैकी एक चालतो. तोही जुन्या व्हिडिओ गेमचा मॉड्युलेटर, म्हणजे चित्र अँटेनाच्या वाटेने टीव्हीत सोडणारी डबी, जोडला तर, कारण अँटेनाने पकडावं असं हवेत आता काही उरलेलं नाही. हा प्रश्न मी तेवढ्यावर मिटवतो.

दुसरा प्रश्न फोनवर येतो, बहुतेक रविवारी. कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावर टीव्ही सापडलेला असतो, समोरून काढलेला एक अंधुक फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "काका, हा ईसीचाच आहे ना? ओळखायचं कशावरून?" दरवेळी सांगता सांगता अर्धं राहून जातं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

ईसी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, हैदराबाद. १९६७ साली अणुऊर्जा विभागाने काढलेली सरकारी कंपनी, आणि ती उभी केली ए. एस. राव यांनी. अणुवीज केंद्रांची नियंत्रणयंत्रणा, टीडीसी-१२ नावाचा देशी संगणक अशी भारदस्त कामं करणाऱ्या या कंपनीने दिवाणखान्यात ठेवायचा टीव्हीही काढला, तोही व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा. सॉलिड स्टेट टीव्ही देशात पहिल्यांदा आपण केला, असं कंपनी अजूनही सांगते. सत्तरच्या दशकात हे नाव घरोघरी होतं. पुढे रंगीत टीव्ही आले, जाहिराती आल्या आणि ईसी लोकांच्या तोंडातून गेला. आज जुन्या वस्तू जमवणाऱ्यांनाही शटरचा, म्हणजे समोर सरकतं दार असलेला, लाकडी टीव्ही म्हटला की दोन-तीन खासगी कंपन्याच आठवतात.

मी हे नाव शिकलो सोलापुरात, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. दहावीची परीक्षा झाली आणि वडिलांनी सुट्टीत मला तिथे बसवलं. १९८४ चा सुमार. देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी करायचा तेव्हा नुसता सपाटा लागला होता, काही महिने तर सरासरी दिवसाला एक. त्या लाटेत आमच्याकडेही टीव्ही आला. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू विणकरांची वस्ती आणि त्यांचे निम्मे नातेवाईक हैदराबादेत. तिकडचा मेव्हणा रंगीत टीव्ही घ्यायचा आणि त्याचा ब्लॅक अँड व्हाइट ईसी चादरीत गुंडाळून रेल्वेने बहिणीकडे यायचा. उतरेपर्यंत आत काहीतरी सुटलेलं असायचंच. मग तो आमच्या दुकानात.

दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. ईसी आला की ते मला हाक मारत, "ये रे, अणुबॉम्बवाल्यांचा आलाय. ब्रश घे."

ब्रश हेच माझं काम. टीव्हीच्या आत पंधरा-सोळा हजार व्होल्ट असतात, ते हवेतली धूळ ओढून घेतात आणि पिक्चर ट्यूबच्या पाठीवर काजळीसारखा थर बसतो. पण पूर्व भागातल्या सेटमध्ये काळ्या थरावर आणखी एक पांढुरका थर असे. घराघरात माग चालू, त्यामुळे सुताची पिंज हवेत. ती चेसिसवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या सांगाड्यावर, बसून बसून नमद्यासारखी व्हायची. बोटाने धरून ओढली की कंडेन्सरांचे गोल ठसे घेऊन अख्खी पट्टी निघायची. एकदा तर त्यात लाल आणि हिरव्या रंगाचे धागे निघाले. मास्तर म्हणाले, "ह्यांच्याकडं सध्या मोराची चादर चालू आहे बघ."

आता मुद्द्यावर येतो. ईसी ओळखायचा तर समोरून बघून उपयोग नाही. समोरचा बिल्ला दोन स्क्रूंवर किंवा गोंदावर बसलेला असतो, तो काढायला मिनिट लागत नाही. शिवाय ऐंशीच्या दशकात गल्लोगल्ली टीव्ही जुळवणारे झाले होते. कॅबिनेट एकाचं, सर्किट दुसऱ्याचं, पिक्चर ट्यूब तिसऱ्याची. एकाच साच्यातले टीव्ही चार नावांनी विकले जात. म्हणून फोटो मागवतो तो पाठीचा.

पाठीला बहुधा भोकाभोकांचं हार्डबोर्डचं झाकण असतं. त्यावर कंपनीचं लेबल आणि सिरियल नंबर असला तर अर्धं काम झालं. पण झाकणही बदललेलं असू शकतं, आम्हीच बदलायचो. पावसात भिजून फुगलेलं झाकण टाकून भंगारातलं दुसरं कुठलं तरी कापून बसवायचं, ही नेहमीची गोष्ट. तेव्हा झाकणाच्या स्क्रूंची भोकं कॅबिनेटच्या भोकांशी जुळतात की नव्याने पाडली आहेत, हे बघायचं. नवं भोक आतून पांढरं दिसतं, जुनं काळवंडलेलं असतं.

मग चेसिस. सर्किटच्या पाटीवर तांब्यात किंवा शाईत काय छापलंय ते वाचायचं, भिंग घेऊन. लोकांची सगळ्यात जास्त फसगत पिक्चर ट्यूबवर होते. तिच्या मानेजवळ किंवा काचेवर मोठं लेबल असतं, ते वाचून मला सांगतात, "काका, हा तर बीईएलचा निघाला." अहो, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्यूब कितीतरी कंपन्या वापरत. ते नाव काचेचं झालं. शिवाय ट्यूब हीच कमजोर झाली की बदलली जाणारी वस्तू.

साल काढायचं असेल तर कंडेन्सर बघा. पुष्कळदा त्यांच्या अंगावर महिना-वर्ष किंवा आठवडा-वर्ष असा आकडा असतो. मूळच्या कंडेन्सरांत जो सगळ्यात नवा, त्याच्या आधी तो सेट झालेला असणं शक्य नाही. यातली मेख आहे ती 'मूळच्या' या शब्दात. १९७७ चा सेट आणि आत १९८९ चा कंडेन्सर, तर तो कुणीतरी नंतर घातलेला. डाख, म्हणजे सोल्डर, बघितला की कळतं. कारखान्यातला डाख सगळीकडे सारखा, पातळ आणि आता राखाडी पडलेला. मेकॅनिकचा जाड, चकचकीत, भोवती रोझिनचे तपकिरी ओघळ. मास्तरांचा डाख मी अजून ओळखतो. ते कंडेन्सरची तार वाकवून आकडा करत आणि मगच डागत. माझ्याकडच्या सातपैकी दोन सेटमध्ये तो आकडा आहे. ते दोन्ही मी सोलापुरातच घेतले, पण आमच्या दुकानातून गेलेले आहेत हे पाठ उघडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

चॅनेलचं बटणही बघावं. कटकट आवाज करत फिरणारा जुना ट्युनर असेल तर आत एक नळकांडं असतं आणि दर चॅनेलला एक वेगळी पट्टी. ते निघून तिथे दुसऱ्या जातीचा ट्युनर बसवला असेल तर समोरच्या पट्टीवरचे आकडे आणि बटणाची खूण एका रेषेत येत नाहीत. फोटोतही दिसतं.

आणि हे सगळं वायर न लावता करायचं. चाळीस वर्षं पडून असलेला टीव्ही थेट प्लगला लावू नये. अनेक जुन्या सेटमध्ये मेनची एक तार सरळ चेसिसलाच जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळा पत्रा जिवंत. आम्ही आधी सिरीज बोर्डवर लावायचो, शंभरचा बल्ब मध्ये घालून. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. हेही काम मुलांना देऊ नका. बंद सेटच्या ट्यूबमध्येही चार्ज राहतो, त्याने मला एकदा स्टुलावरून खाली पाडलंय.

एवढं माहीत असूनही मी फसलो, हेही सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी एका जुन्या सामानवाल्याकडून साडेतीन हजारांना शटरचा ईसी घेतला. बिल्ला अस्सल, शटर गुळगुळीत सरकणारं. दुकानात उजेड कमी होता आणि मला घाई झाली होती. घरी आणून खिडकीशी ठेवला, तर बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंना लाकडावर गडद डाग. ऊन खाऊन सगळी पट्टी फिकी झालेली, फक्त जिथे मूळ नाव होतं तेवढी जागा गडद राहिली होती. चांगलं बोटभर लांब नाव असणार. त्याच्या बरोबर मधोमध ही दोन अक्षरं चिकटवलेली. पाठ उघडली तर आत चेसिसच नव्हतं, वजनासाठी एक ट्रान्सफॉर्मर खिळ्यांनी ठोकला होता. बायको म्हणाली, "निदान शटर तरी छान आहे." त्यात आता वर्तमानपत्रं ठेवतो. बिल्ला मात्र काढून घेतलाय.

मला खरा हवाय तो ईसी कुणाच्या दिवाणखान्यात नव्हताच. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग चालला होता. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट टीव्ही दाखवायचा. त्यासाठीचे सेट ईसीने केले. छपरावर दहा फुटी छत्री आणि तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण कर्नाटकातली गावं विजापूर, गुलबर्गा, रायचूर या पट्ट्यातली, म्हणजे सोलापूरहून एसटीने जाऊन यावं एवढ्या अंतरावर. कर्नाटक आणि आंध्रला चित्र एकच जायचं, त्याच्यासोबत आवाज दोन: एक कन्नड, एक तेलुगू.

दोन वर्षांपूर्वी कळलं, विजापूरकडच्या एका गावात शाळेच्या अडगळीत असा सेट आहे. गेलो. अडगळीत मोडकी बाकं होती, सेट नव्हता. कधीतरी भंगारात गेला म्हणाले. एक साठीतले गृहस्थ मला त्यांच्या परसात घेऊन गेले. तिथे खुराडं होतं. त्याच्या एका बाजूची जाळी बाकीच्या जाळीपेक्षा जुनी, जस्त उडालेली, आणि तिला किंचित बाक होता. ते म्हणाले, "छत्रीची आहे." मी हात लावून बघितला. खरं सांगायचं तर ती छत्रीचीच कशावरून, हे मला सिद्ध करता येणार नाही. तिच्यावर ना नंबर, ना डाख.

टीव्ही आला तेव्हा ते चौथीत होते. सकाळी शाळेच्या मुलांसाठी दाखवत, संध्याकाळी सगळ्या गावासाठी. शेतकरी मधली जागा धरत, बायका भिंतीकडेने बसत. एके संध्याकाळी गुरुजींच्या हातून काय झालं कोण जाणे, आवाज तेलुगू लागला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तेलुगूच राहिला. गावात तेलुगू कुणालाच येत नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," ते म्हणाले, "कुणीच उठलं नाही."