‘नॅचरल’ कोण आणि ‘स्मार्ट’ कोण

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात येऊन आम्हाला आता सहा वर्षं होतील. इथं यायच्या आधी बास्केटबॉल म्हणजे माझ्यासाठी शाळेच्या ग्राउंडवरच्या दोन गंजलेल्या रिंगा, त्यांना जाळीपण नसायची. इथं घरोघरी गॅरेजसमोर रिंग आणि हिवाळ्यात शुक्रवारी रात्री अख्खं गाव हायस्कूलच्या जिममध्ये. मुलगा चौथीपासून खेळतोय, त्यामुळे मीपण शनिवारी सकाळी बाकावर असतेच.

तर मार्चमध्ये सीझन संपला तेव्हा कोच सगळ्या पालकांसमोर एकेका पोराबद्दल बोलले. माझ्या मुलाबद्दल म्हणाले, फार स्मार्ट, डोक्यानं खेळतो, मेहनती. त्याचा जिवलग दोस्त ब्लॅक आहे, त्याच्याबद्दल म्हणाले, हा नॅचरल आहे, काय उडी, काय स्पीड, देवाची देणगी. दोघांचंही कौतुकच हो, टाळ्याही झाल्या. पण मी सगळा सीझन बघितलाय ना! माझा मुलगा पळतो भरपूर पण बॉल हातात आला की पास कुणाला द्यायचा हे त्याला पटकन सुचत नाही, आणि तो दोस्त समोरच्यांची चाल आधीच ओळखून बाकीच्यांना हातानं जागा दाखवत असतो, शिवाय रोज शाळेच्या आधी पन्नास फ्री थ्रो (रेषेवर उभं राहून, कुणी अडवत नसताना मारायचे शॉट) मारतो. त्याच्या आईनंही टाळ्या वाजवल्या, पण गाडीकडे जाताना मला एवढंच म्हणाली, याच्या बाबांनाही शाळेत हेच सांगायचे.

मला रात्रभर ते लागून राहिलं. सांगलीला दादाला फोन केला, तो सकाळी उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग बघतो, तर तो म्हणाला अगं त्यात काय चुकलं, त्यांचं शरीरच तसं असतं.

दादा, म्हणून हे लिहितेय. १९३०च्या दशकात न्यूयॉर्क-फिलाडेल्फियात हा खेळ ज्यू पोरांचा होता. फिलाडेल्फियाची स्फाज ही ज्यूंची टीम सगळ्यांना भारी पडायची. तेव्हा न्यूयॉर्क डेली न्यूज या पेपरचा क्रीडा लेखक पॉल गॅलिको लिहायचा की या खेळाला लागणारं कावेबाज डोकं आणि हुलकावण्या ज्यू माणसात मुळातच असतात. म्हणजे जे जास्त खेळत होते त्यांच्या ‘रक्तात’ तो खेळ! गरीब वस्ती, जवळची जिम, कमी खर्च, हे कुणी बघितलंच नाही.

मग १९८०च्या दशकातले एनबीएचे दोन मोठे स्टार बघ, गोरा लॅरी बर्ड आणि ब्लॅक मॅजिक जॉन्सन. बर्ड आमच्या इंडियानाचाच, फ्रेंच लिक गावचा. दोघंही ६ फूट ९ इंच. पण बर्ड म्हणजे डोकं आणि घाम, मॅजिक म्हणजे उपजत कला, असंच बोललं जायचं. बर्डची उंची काय त्यानं प्रॅक्टिस करून मिळवली होती? आणि मॅजिक लहानपणी दुकानात जाताना उजव्या हातानं आणि येताना डाव्या हातानं ड्रिबल करत, म्हणजे बॉल आपटत जायचा, ती मेहनत नाही? १९८७ मध्ये डेट्रॉइटची टीम बर्डच्या बॉस्टन सेल्टिक्सकडून हरल्यावर डेट्रॉइटचा ब्लॅक खेळाडू आयझेया थॉमस बोलून गेला की बर्ड ब्लॅक असता तर त्याला चारचौघांसारखाच एक चांगला खेळाडू म्हटलं असतं. ते बर्डवर अन्याय करणारं होतं, बर्ड खरंच महान होता. पण नंतर थॉमसनं जे समजावून सांगितलं ते मला पूर्ण पटतं, की गोऱ्यानं भारी खेळ केला की विचार आणि मेहनत, आम्ही ब्लॅक खेळाडूंनी केला की नुसती धावणारी-उडणारी जनावरं.

आणि हे नुसतं वाटण्यावारी नाही. १९९७ मध्ये एक प्रयोग छापून आला, कॉलेजच्या मुलांना एकाच मॅचची रेडिओ कॉमेंट्री ऐकवली, काहींना सांगितलं अमुक खेळाडू गोरा आहे, काहींना सांगितलं ब्लॅक आहे. कॉमेंट्री तीच, शब्द तेच, पण गोरा समजणाऱ्यांना त्याच्यात जास्त डोकं आणि जिद्द दिसली, ब्लॅक समजणाऱ्यांना जास्त शारीरिक क्षमता.

इंडियानापोलिसला क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल आहे, १९२७ साली खास ब्लॅक मुलांना वेगळं ठेवायला काढलेलं. १९५५ मध्ये ऑस्कर रॉबर्टसनच्या टीमनं राज्याची चॅम्पियनशिप जिंकली. आधीच्या विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मध्यभागी रंगायची, पण या पोरांना तिथल्या मॉन्युमेंट सर्कल या चौकाला नुसती एक फेरी मारून थेट ब्लॅक वस्तीतल्या पार्कात नेलं. हाच रॉबर्टसन पुढे १९६१-६२ मध्ये अख्ख्या सीझनची सरासरी ट्रिपल-डबल असणारा एनबीएतला पहिला खेळाडू झाला, म्हणजे पॉइंट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि असिस्ट (ज्यावर दुसरा बास्केट करतो तो पास) तिन्ही मॅचमागे दहाच्या वर. वर्षभर मॅचमागे अकरा-अकरा असिस्ट नुसत्या उडीनं होतात?

शब्दांनी जागा ठरते हे मला आता कळतंय. ‘स्मार्ट’ म्हणून माझा मुलगा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन टीमचा खेळ चालवणारा, ‘नॅचरल’ म्हणून दोस्त बास्केटखाली रिबाउंडला. मी कोचना लिहिलंय की पुढच्या सीझनला दोघांच्या जागा बदलून बघा. पाठवायच्या आधी मुलाला विचारलं, वाटलं रडेल. तो म्हणाला, ‘आई, कुठला प्ले करायचा ते मला तोच सांगतो गं, मी फक्त बॉल पुढे नेतो.’