हवा न विकणाऱ्या दुकानाच्या गावी: एल्महुल्ट

कोपनहेगनहून सुटलेली गाडी ओरेसुंदचा पूल ओलांडून माल्मोला पोहोचते, तेथून उत्तरेकडे वळते आणि हेसलेहोल्म मागे पडल्यावर खिडकीबाहेरचा देखावा बदलू लागतो. सपाट, सुपीक शेते संपतात आणि पाइनची जंगले, लहान तळी आणि शेतांच्या कडेने रचलेले दगडी बांध दिसू लागतात. हा दक्षिण स्वीडनमधला स्मोलांद प्रांत. येथील जमीन इतकी खडकाळ आहे, की शेतकऱ्यांना आधी दगड वेचावे लागत आणि मग पेरणी करावी लागे. वेचलेल्या दगडांचेच हे बांध झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच भागातून हजारो कुटुंबे अमेरिकेला निघून गेली. जे मागे राहिले त्यांच्या काटकसरीचे किस्से स्वीडनमध्ये आजही सांगितले जातात.

दोन-अडीच तासांच्या प्रवासानंतर मी एल्महुल्टला उतरलो. स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या ज्या इमारतीत आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचे पहिले मोठे दुकान 1958 साली सुरू झाले, तिथेच 2016 पासून कंपनीचे संग्रहालय आहे. (स्वीडिश लोक ‘इकेआ’ म्हणतात, ‘आयकिया’ हा उच्चार इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला.) संस्थापक इंगवार काम्प्राद, त्यांचे शेत एल्मतारिद आणि जवळचे गाव आगुन्नारिद या शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव तयार झाले. काम्प्राद यांनी 1943 साली, वयाच्या सतराव्या वर्षी कंपनी नोंदवली. त्याआधी लहानपणी ते स्टॉकहोमहून काड्यापेट्या घाऊक भावाने मागवून शेजाऱ्यांना सुट्या विकत. फर्निचर आले ते 1948 मध्ये, आणि पहिला कॅटलॉग निघाला 1951 मध्ये.

संग्रहालयात मी सर्वाधिक वेळ थांबलो तो एका तीन पायांच्या लहान टेबलासमोर. त्याचे नाव ‘लोव्हेत’, म्हणजे पान; आकारही पानाचाच. कॅटलॉगसाठी छायाचित्र काढायला हे टेबल गाडीतून न्यायचे होते आणि ते काही केल्या मावेना, तेव्हा गिलिस लुंदग्रेन या तरुण कर्मचाऱ्याने त्याचे पाय सोडवून ते आत सरकवले, अशी हकिकत सांगितली जाते. 1956 पासून सुट्या भागांचे, सपाट खोक्यातले फर्निचर हा कंपनीच्या व्यवसायाचा पाया झाला. कल्पना मात्र सर्वस्वी आयकियाची नव्हती, स्टॉकहोममधील एन. के. या मोठ्या दुकानाने 1940 च्या दशकातच घरी जोडायचे फर्निचर विकून पाहिले होते. एन. के.साठी तो विक्रीचा एक प्रकार होता, तर काम्प्राद यांनी अख्खा धंदा त्याभोवती रचला, आणि मला वाटते, खरा फरक तिथे पडला.

जोडलेली खुर्ची ट्रकमधून पाठवली, तर ट्रकमध्ये बहुतांश हवाच भरलेली असते, आणि त्या हवेचे भाडे शेवटी ग्राहक भरतो. ती हवा काढून टाकण्याचा ध्यास या कंपनीने इतका घेतला, की ‘बँग’ नावाच्या साध्या कॉफीच्या मगचा आकार त्यासाठी पुन्हापुन्हा बदलला गेला. सुरुवातीला एका पॅलेटवर, म्हणजे माल रचून उचलायच्या लाकडी चौकटीवर, 864 मग बसत. नव्या आकारात 1,280 बसू लागले, आणि उंची व कान आणखी बदलल्यावर 2,024. येथे वस्तूची किंमत शेवटी ठरत नाही. आधी ठरते, आणि मग त्या किमतीत बसणारी वस्तू रेखाटली जाते.

स्वस्ताईची ही वाट काही सुखासुखी सापडलेली नव्हती. काम्प्राद यांचे भाव पाहून स्वीडनमधील फर्निचर विक्रेते चिडले आणि त्यांनी काम्प्राद यांना माल न देण्यासाठी कारखानदारांवर दबाव आणला. बहिष्काराचा परिणाम उलटाच झाला. 1955 पासून कंपनी स्वतःचे नमुने स्वतःच रेखाटू लागली, आणि 1961 साली पोलंडमधील कारखान्यांकडे मागण्या नोंदवल्या गेल्या. शीतयुद्धाच्या ऐन काळात एक स्वीडिश दुकानदार साम्यवादी देशातून माल घेत होता. या इतिहासाला काळी बाजूही आहे. पूर्व जर्मनीतील काही पुरवठादारांकडे राजकीय कैद्यांकडून काम करून घेतले जात होते, हे 2012 च्या चौकशी अहवालातून पुढे आल्यावर कंपनीने खेद व्यक्त केला. तरुण वयातील नाझीधार्जिण्या संबंधांबद्दल काम्प्राद यांनाही 1994 मध्ये कर्मचाऱ्यांची क्षमा मागावी लागली होती.

देशाबाहेरचे पहिले दुकान 1963 साली नॉर्वेत निघाले. पुढे स्वित्झर्लंड 1973 मध्ये, जर्मनी 1974 मध्ये आणि अमेरिका 1985 मध्ये. युरोपात जे चालले ते इतरत्र जसेच्या तसे चालले नाही. अमेरिकेत पलंगांची मापे सेंटीमीटरमध्ये होती आणि तिथल्या चादरींशी जुळत नव्हती. ग्लास इतके लहान, की लोक पाणी पिण्यासाठी फुलदाण्या विकत घेऊ लागले. जपानमध्ये 1974 साली टाकलेले पाऊल 1986 मध्ये मागे घ्यावे लागले, आणि परत जायला 2006 उजाडले. चीनमध्ये 1998 साली दुकान उघडले, तेव्हा युरोपातला ‘स्वस्त’ माल तिथल्या मध्यमवर्गाला महाग वाटला. स्थानिक उत्पादन वाढवून किमती सतत उतरवाव्या लागल्या.

इतकी वर्षे थांबणे, माघार घेणे आणि पुन्हा जाणे परवडले, याचे एक कारण मालकीच्या रचनेत आहे. 1982 पासून बहुसंख्य दुकाने नेदरलँड्समधील एका प्रतिष्ठानाच्या ताब्यात आहेत, तर नाव व पद्धती यांची मालकी इंटर आयकिया या वेगळ्या समूहाकडे असून, तो दुकानांकडून विक्रीच्या तीन टक्के शुल्क घेतो. शेअर बाजारात नोंद नसल्यामुळे दर तिमाहीला भागधारकांना उत्तर द्यावे लागत नाही. याच रचनेतील करसवलतींची युरोपीय आयोगाने 2017 मध्ये चौकशी सुरू केली, ही गोष्टही विसरता येत नाही.

भारतातही संयमाचाच कस लागला. परवानगी 2013 मध्ये मिळाली, गुंतवणूक 10,500 कोटी रुपयांची जाहीर झाली, आणि हैदराबादचे पहिले दुकान उघडले ते ऑगस्ट 2018 मध्ये. उपाहारगृहात गोमांस व डुकराचे मांस नव्हते, बिर्याणी होती. आमच्या वाशीच्या घरापासून जवळ असलेले तुर्भ्याचे दुकान डिसेंबर 2020 मध्ये सुरू झाले, आणि तिथून आम्ही पुस्तकांचे एक कपाट आणले. शेजारच्या घरी काम करणारे सुतार मिस्त्री ते खोके न्याहाळत म्हणाले, ‘‘जोडायचं काम तर तुम्हीच करणार, मग त्यांनी पैसे कशाचे घेतले?’’ एल्महुल्टला त्या टेबलासमोर उभा असताना मला हा प्रश्न आठवत होता. स्वीडनमध्ये कारागिराची मजुरी महाग असते, म्हणून ग्राहकाचे श्रम ही बचत ठरते. आपल्याकडे फोन केला की मिस्त्री येतो, घराच्या मापाने प्लायवूड कापतो आणि सनमायका चिकटवून देतो. त्यामुळे भारतात सपाट खोक्याबरोबर जोडून देणारा माणूसही पुरवावा लागतो, आणि या स्वस्ताईचा एक पाया इथे ढिला होतो. दुसरा पाया, म्हणजे वाहतुकीतली बचत आणि प्रचंड संख्येने केलेले उत्पादन, शाबूत राहतो. तेवढ्यावर भारतीय सुताराशी भावात टक्कर देता येईल का, याबद्दल मी अजून साशंक आहे.

संग्रहालयाच्या उपाहारगृहात जेवून दुपारी मी गावातल्या नव्या दुकानात गेलो. तिथे एक निळ्या पट्ट्यांची सुती सतरंजी मला आवडली. किंमत रास्त होती आणि सुरळी करून पिशवीत बसलीही असती. उलटून चिठ्ठी पाहिली, तर ती भारतात विणलेली होती. तुर्भ्याला दुकान निघण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून ही कंपनी आपल्याकडून कापड आणि सतरंज्या घेत आली आहे. विमानात सामानाला तेवीस किलोची मर्यादा होती. भारतातून आलेल्या सतरंजीचा परतीचा प्रवास माझ्या खर्चाने करवण्यात काही हशील नव्हते, म्हणून मी ती पुन्हा जागेवर ठेवली आणि पावणेपाचची गाडी गाठली.