काळीच्या पोटाखालची अंडी

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा माझ्या उबवणीच्या पेटीत अठरा दिवस झालेली चौपन्न अंडी होती. आमचं गाव दापोली-मंडणगड भागातलं. वादळाची सूचना आधीच मिळाली होती आणि खबरदारी म्हणून सकाळीच वीज बंद केली होती. घरात सगळ्यांना छपराची काळजी. मलाही होतीच, पण छपराचं जे व्हायचं ते होणार होतं. अंड्यांसाठी काहीतरी करता येण्यासारखं होतं.

मी बचतगटातल्या बायकांची गावरान अंडी उबवून देते. पेटी भावाने आणि मी मिळून बनवलेली आहे. प्लायचा खोका, आतून थर्माकोल, साठ वॉटचे दोन बल्ब, जुन्या संगणकातला पंखा आणि मागवून घेतलेला थर्मोस्टॅट. महागडी तयार मशीन घेतलेल्यांनी तिला नावं ठेवली, पण फलित अंड्यांपैकी चारातली तीन ती काढून देते, आणि त्याचं श्रेय त्या जुन्या पंख्याला. पंखा नसला की बल्बाजवळच्या अंड्यांना एक ऊब आणि कोपऱ्यातल्यांना दुसरी. मग पिल्लं दोन-दोन दिवस मागेपुढे निघतात आणि मागची बरीच आतच मरतात. पारा 37.5 अंशांवर धरून ठेवायचा. ओलावा आधी 55 टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70. तो कमी पडला तर कवचाखालचा पापुद्रा वाळून चिवट होतो आणि टोच मारलेलं पिल्लू त्यातच अडकतं. अंडी रोज तीन-चार वेळा फिरवायची, नाहीतर आतला जीव पापुद्र्याला चिकटतो. अठराव्या दिवशी मात्र फिरवणं बंद. पिल्लाने तोवर आपली जागा धरलेली असते. डोकं अंड्याच्या रुंद टोकाकडे, उजव्या पंखाखाली, आणि चोच त्या टोकातल्या हवेच्या पोकळीच्या दिशेला.

बायका अंडी तांदळाच्या डब्यात जपून ठेवतात आणि आणून देतात. आठवड्यापेक्षा जुनं अंडं मी घेत नाही, मे महिन्यात तर चार-पाच दिवसांचंच घेते. उन्हाळ्यात घरातल्या उकाड्यानेच अंड्यात वाढ सुरू होते, मग थांबते, आणि असं अंडं पुढे नीट चालत नाही. कुणाचं अंडं कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येकावर पेन्सिलने अक्षर घालायचं. पेनने नाही, शाई कवचातून आत जाते. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरून तपासायचं. लाल नसांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नुसतं पिवळं दिसलं तर परत. ती चौपन्न अशी तपासून राहिलेली होती. त्यातली अकरा शहरातल्या एका गिऱ्हाइकाची कडकनाथची, बाकीची गटाची.

इन्व्हर्टर दुपारपर्यंत टिकला. दोन बल्ब बॅटरी फार खातात. अकरा-साडेअकराला वाऱ्याचा आवाज बदलला, समोरचा फणस आडवा झाला आणि मी ठरवलं की बॅटरी संपायची वाट बघायची नाही.

वाडीत तेव्हा तीन कोंबड्या खुडूक होत्या, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेल्या. माझी तांबडी चार दिवसांपासून रिकाम्या पाटीत बसत होती. शेजारच्या काकींची असील या झुंजीच्या जातीच्या रक्ताची मोठी कोंबडी, तीही नुसतीच बसलेली. काकींना तिच्याखाली अंडी मांडायला वेळ झाला नव्हता. आणि माझी काळी. काळी स्वतःच्या नऊ अंड्यांवर बसून दहा दिवस झाले होते.

खुडूक कोंबडी जवळून बघितली नसेल त्यांना सांगते. तिच्या पोटाची पिसं झडलेली असतात. हात घातला की उघडी कातडी हाताला लागते, तापलेली. कोंबडीचं अंगच 41 अंशांच्या घरात असतं. दिवसातून एकदा उठते, पंधरा-वीस मिनिटांत दाणे टिपते, पाणी पिते, अंगावर माती घेते आणि एकदाच भली मोठी, अतिशय घाण वासाची विष्ठा टाकते, कारण पाटीत ती कधीच घाण करत नाही. तेवढ्या वेळात अंडी निवतात आणि त्यांना काही होत नाही. चोचीने ती अंडी फिरवते, कडेची मधे घेते, मधली कडेला. थर्मोस्टॅट, पंखा, फिरवायची मोटर आणि ओलाव्याचा ट्रे मिळून जे करतात ते ती एकटी करते.

साधारण गावरान कोंबडीखाली बारा अंडी मावतात, मोठी असेल तर चौदा. तांबडी आणि काकींची मिळून सव्वीस. अठ्ठावीस उरत होती. काळीखालची काढली तर आणखी बारांची सोय होत होती.

अठरा दिवसांचं अंडं आणि दहा दिवसांचं अंडं यांत मी निवड केली. अठराव्या दिवसाच्या पिल्लाला पिसं आलेली असतात, ते स्वतःही थोडी ऊब निर्माण करतं, त्याला तीनच दिवस हवे असतात. दहाव्या दिवसाच्याला आणखी अकरा दिवस अखंड ऊब हवी, आणि वीज केव्हा येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. हिशेब सरळ होता. काकी पडवीत उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "बसलेलीच्या पोटाखालचं काढू नये गो बाय. तिची ती तिला असूं दे." मी म्हटलं, "काकी, ही गटाची आहेत. लोकांनी विश्वासाने दिलीयत." त्या पुढे काही बोलल्या नाहीत, पण आपली कोंबडी स्वतः उचलून आणून दिली.

कोंबडीखाली अंडी बदलायची ती रात्री. अंधारात ती ओरडत नाही, उठत नाही, सकाळी जे पोटाखाली असेल ते आपलं मानते. त्या दिवशी भरदुपारीच तिन्हीसांज झाली होती, त्यामुळे ते साधलं. मी मोबाईलची बॅटरी लावून एकेक अंडं बघितलं. पोकळीची कडा सरळ असेल तर पिल्लू अजून मागे. तिरकी, एका बाजूला उतरलेली असेल तर पुढे गेलेलं. पुढे गेलेली सगळी कोंबड्यांखाली दिली. कारण एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू पोकळीत चोच घालून श्वास घ्यायला लागतं, आतून बोलतं, आणि ते ऐकलं की कोंबडी जागची हलत नाही. काळीने मला टोचलं. हाताला रक्त आलं. तिची नऊ अंडी एकेक करून काढली तेव्हा ती प्रत्येक अंड्यामागे मान लांब करून बघत होती. नवी बारा तिने लगेच चोचीने आत ओढून घेतली.

काळीची नऊ आणि माझी राहिलेली सोळा पेटीत गेली. दोन तासांपूर्वी पेटी उबदार होती, आता ती नुसता खोका होती. चूल पेटवली, बाटल्यांत गरम पाणी भरलं, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत गुंडाळून कडेने लावल्या. वरची भोकं उघडी ठेवली. शेवटच्या दिवसांत पिल्लांना हवा खूप लागते. गोधड्या घालून पेटी बंद करणारे ऊब राखतात आणि पिल्लं गुदमरवतात, हे मी इतरांकडे बघितलं आहे. पारा 34 आणि 39 च्या मधे वरखाली होत राहिला. सासरे दर तासाला पाणी तापवत होते. त्यांनी आयुष्यात कधी कोंबडीला दाणा टाकला नव्हता, पण त्या रात्री ते झोपले नाहीत. तोवर आमच्या मागच्या खोलीचे पत्रे गेले होते आणि वाडीतल्या अर्ध्या घरांवरची कौलं.

विसाव्या दिवशी पहाटे काकींच्या कोंबडीखालून पहिली टोच ऐकू आली. अंडं कानाला लावलं तर आत नखाने खरवडल्यासारखं, मग बारीक चिवचिव. कोंबडीने खालच्या आवाजात कुर्रर्र केलं आणि आतून उत्तर आलं. असं उत्तर पेटीत कधी ऐकलेलं नाही. पिल्लू चोचीवरच्या टोकदार खड्याने कवचाला भोक पाडतं, मग पुष्कळ तास नुसतं पडून राहतं. आत रक्ताच्या नसा आटायच्या असतात आणि बलक पोटात ओढून घ्यायचा असतो. याच वेळी लोक घाई करून कवच सोलतात आणि पिल्लू मारतात. मग गोल फिरत फिरत कवचाची टोपी कापतं आणि मान ताणून बाहेर येतं.

तिन्ही कोंबड्यांखालच्या अडतीसांतली चौतीस निघाली. पेटीतल्या सोळांतली सात. काळीच्या नवांपैकी एकही नाही. बॅटरीवर धरली तेव्हा नसा विरल्या होत्या आणि आतला काळा ठिपका हलत नव्हता.

पेटीतल्या सातांचं काय करायचं हा पुढचा प्रश्न होता, कारण पिल्लू निघालं म्हणजे काम संपत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला 33 ते 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला थोडी कमी. बल्बाशिवाय ती देणार कशी? ती सातही मी रात्री कोंबड्यांच्या पंखाखाली सारली. सकाळी त्यांनी आपल्या-परक्यांत फरक केला नाही. दाण्याची घाई नव्हती, पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस काढतं. पुढे कणी होती. राणीखेतच्या, म्हणजे मानमोडीच्या, लसीचं मात्र काही जमलं नाही. त्या लसीची, लासोटाची, बाटली शंभर मात्रांची, फोडली की दोन तासांत संपवायची, आणि फोडेपर्यंत थंड ठेवायची. एकेचाळीस पिल्लांसाठी ती एरवीही परवडत नाही, आणि त्या आठवड्यांत अख्ख्या तालुक्यात चालू फ्रिज शोधावा लागला असता. घरगुती पिल्लांसाठी दहा-पंधरा मात्रांची बाटली का निघत नाही हे मी विचारून दमले आहे. गावोगाव बायका मानमोडीत आख्खा खुराडा गमावतात आणि वर त्यांनाच ऐकवलं जातं की तुम्ही लस देत नाही.

कवचं फुटल्यावर पेन्सिलची अक्षरंही गेली. गटाच्या बायकांनी आपसात सारखी वाटणी केली, एक शब्द वावगा न बोलता. त्यातल्या एकीच्या घराचं छप्पर उडालं होतं, ती शाळेत राहत होती. तिने तिचा वाटा घेतला, पदरात धरून बघितला आणि म्हणाली, "घर शाकारेपर्यंत तुझ्याकडेच ठेव." कडकनाथवाल्याचा फोन नेटवर्क आल्यावर आला. काळसर निळी पिल्लं वेगळी ओळखू येतात, त्यामुळे त्याची सहा निघाली हे मला नक्की सांगता आलं. त्याला अकराचे पैसे हवे होते. चक्रीवादळ टीव्हीवर बघितलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पिल्लं दिली, उबवणीचे पैसे सोडले आणि पुन्हा त्याची अंडी घेतली नाहीत.

मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. एका प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दिलं होतं, खुडूकपणा हा दोष आहे, तो मोडून काढावा. कसा, तर कोंबडी पाण्यात बुडवा, पाय बांधा, डालग्याखाली उपाशी ठेवा. गावात नाकात पीस ओवणारेही आहेत. गणित त्यांचं बरोबर आहे. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते आणि मधे आठवडेच्या आठवडे बसून राहते, तर लेगहॉर्न जातीची कोंबडी बसायचं विसरूनच गेली आहे आणि तीनशेच्या घरात जाते. अंडी विकणाऱ्याने लेगहॉर्न पाळावी. पण ज्या बाईकडे पाच कोंबड्या आहेत आणि जिच्या घरी पावसाळ्यात आठवड्यातून तीनदा वीज जाते, तिच्या कोंबड्यांतून बसायची सवय काढून टाकली की ती पिल्लांसाठी कायमची दुसऱ्याच्या मशीनवर अवलंबून. माझ्या मशीनवरसुद्धा. मी आता बसणाऱ्या कोंबड्यांच्याच माद्या मागे ठेवते. दोन वेळा अंडी सोडून उठली तर तिची पिल्लं वाढवायला नाही, विकायला.

काळीचं मात्र सुटत नाही. तिने ती परकी पिल्लं नीट वाढवली, घारीवर उडी घेऊन एक परत आणलं. त्यानंतर खुडूक झाली ती खुराड्यात बसली नाही, मागच्या बांबूच्या बेटात लपून बसली. मुंगूस फिरतं तिथे. मला सापडली तेव्हा अर्धी अंडी गेली होती. गावरान कोंबड्या चोरून बसतात हे खरं, पण काळी याआधी कधी अशी लपून बसली नव्हती. काकी एवढंच म्हणाल्या, "मी म्हटलेलं." मी त्यांना चौतीस पिल्लांचा हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, तुझा हिशेब बरोबरच आहे, पण तो तिला कोण सांगणार?

नऊ गेली आणि त्या जागी बारांतली अकरा आली. पुन्हा तीच वेळ आली तर डोकं तेच सांगेल. तरी आता मी पेटी भरण्याआधी गटात विचारून घेते की कुणाची कोंबडी खुडूक आहे आणि रिकामीच बसली आहे, आणि तेवढीच नावं दारामागे लिहून ठेवते. अंड्यांवर बसलेल्या कोंबड्या त्यात धरत नाही. त्यामुळे पेटीत चाळीसच्या वर अंडी घेता येत नाहीत, आणि काही बायकांना परत पाठवावं लागतं.