गोपुराचा तिसरा मजला: तीनदा उसवून शेवटी दोष वाटेचा निघाला

साडीच्या पदरावर कसुतीने, म्हणजे मोजून भरायच्या कर्नाटकी कशिद्याने, गोपूर भरते आहे. त्याचा कळस, शेजारच्या पताका आणि वरचे दोन मजले मागच्या नोंदीपर्यंत झाले होते. तिसऱ्या मजल्यावर गाडी अडली. गवंती म्हणजे जाताना एकाआड एक टाका, परतताना मधल्या जागा भरायच्या. जातानाची व्यवस्थित पडली होती. परतीला मात्र पहिल्याच कोनाड्यात टाक्यावर टाका बसू लागला. कोनाडा ४ टाके रुंद, ३ टाके उंच, म्हणजे कडेने १४ टाके. त्यातले एकाआड एक ७ सुलटीला दुहेरी झाले आणि मधले ७ कोरेच राहिले. उलटीला नेमकं याच्या विरुद्ध.

पहिला संशय अर्थातच मोजणीवर. काळ्या कापडात धागे दिसत नाहीत, म्हणून खाली पांढरा रुमाल अंथरून, दिवा बाजूने लावून पुन्हा मोजले. मोजणी बरोबर होती. उसवलं, पुन्हा भरलं, परत तेच. तिसऱ्यांदा उसवताना कोपऱ्यांची भोकं सैल पडली आणि कापडाचे दोन धागे सरकले. काळ्या सुती कापडाला दोनपेक्षा जास्त वेळा उसवू नये, हे इथे पक्कं लिहून ठेवावं. सरकलेले धागे बोथट सुईच्या टोकाने जागेवर आणून, ओलसर फडक्यावरून उलटीने इस्त्री फिरवल्यावर बरेचसे बसले.

उलगडा झाला तो ग्राफ पेपरवर. सुलट टाका लाल, उलट टाका निळा, आणि प्रत्येक टाक्याला क्रमांक. गवंतीत प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचं असतं, एकदा वरून, एकदा खालून. टाके वर-खाली, वर-खाली असेच पडणार. कोनाड्याला पूर्ण वळसा घालून सुई सुरुवातीच्या भोकाशी आली, पुढची रेघ भरून परत तिथेच आली, की कोनाड्याचा दुसरा फेरा उलट दिशेने घ्यायला हवा. इथे तो त्याच दिशेने घेतला गेला. १४ ही सम संख्या. त्याच दिशेने पुन्हा निघालं की पहिला टाका पुन्हा वरच पडतो. सगळी गंमत एवढ्यातच आहे.

मग पताका का बिघडल्या नाहीत? त्यांचाही दुसरा फेरा त्याच दिशेने घेतला होता. पताका म्हणजे एक आडवा, एक उभा, एक तिरपा, असे ३ टाके. विषम वळशात दिशा कुठलीही घ्या, दुसऱ्या फेरीत वरचा खाली आणि खालचा वर येतोच. म्हणजे चुकीची सवय पताकांनी लावली आणि तिची किंमत कोनाड्याने वसूल केली. यातून एक झटपट चाचणी हाती लागली: बंद आकृतीतले आडवे-उभे टाके मिळून नेहमी समच असतात, म्हणून फक्त तिरपे मोजावेत. तिरपे विषम असतील तर कशीही फिरा. सम असतील किंवा एकही नसेल, तर माघारी त्याच वाटेने, उलट्या दिशेने.

दरवेळी मोजत बसायचं नसेल तर त्याहून सोपा नियम आहे. आधी सुई जाऊन आलेल्या भोकाशी पोचलात की पुढे जायचं नाही, तिथूनच लगेच माघारी वळायचं. वाटेत फांदी लागली की ती आधी पूर्ण भरून यायची. एवढं पाळलं की सलग जोडलेली कुठलीही आकृती दोन्ही बाजूंनी सारखी उतरते. युरोपात याच टाक्याला होल्बाइन म्हणतात. सोळाव्या शतकातल्या होल्बाइन या चित्रकाराने रंगवलेल्या माणसांच्या कफांवर तो दिसतो. वाटेचा नियम तिथेही हाच.

नव्या वाटेने सहाही कोनाडे एका बैठकीत झाले. उलट बाजू पुढे करून ठेवली तर कुठली सुलट ते ओळखू येत नाही! पदराला मेंथी (फुलीचा टाका) आणि नेगी (विणल्यासारखा दिसणारा धावदोरा) टाळून फक्त गवंती आणि मुर्गी (पायऱ्यापायऱ्यांची गवंती) घेतली ती याचसाठी. मेंथीने भरीव काम छान होतं, पण तिची पाठ पोटासारखी नसते.

दोऱ्याचा हिशोब, कारण तो मागे चुकीचा दिला होता. गोपुरात ४१२ टाके, त्यात ६० तिरपे. सरळ टाका सरासरी २ मिमी, तिरपा २.८ मिमी, सगळं दुप्पट: पावणेदोन मीटर. कापडाच्या जाडीसाठी पाव भाग वाढवला की सुमारे २.२ मीटर. ४५ सेंमीचे तुकडे घ्यायचे, शेपट्या वजा जाता ६ लागतात. त्याहून लांब दोरा काळ्या कापडात घासून केसाळ होतो. गाठ नाहीच, शेपटी त्याच रेघेवरून ३-४ टाके दुमडून न्यायची. सहापदरी लडीतला एकच पदर, सुई २६ नंबरची बोथट. लाल लड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिल्याशिवाय वापरू नये. एकाच छटेच्या दोन लडींपैकी एकीने रंग सोडला.

आता कोपऱ्याचा प्रश्न, म्हणजे गोपुरांची रांग पदरावरून काठावर वळवण्याचा. या इरकली कापडात इंचाला उभे धागे ५६ आणि आडवे ४८. टाका ४ धाग्यांचा, त्यामुळे आडवे १४ टाके एका इंचात मावतात, उभे १२च. २८ बाय ३६चं गोपूर कागदावरच्या प्रमाणाने २ इंच रुंद आणि २.५७ उंच व्हायला हवं, ते चक्क ३ इंच उंच झालं. गोपुराला ही उंची शोभते. पण २४ बाय १८चा हत्ती याच कापडावर आखूड आणि उंच निघतो, अंबारीखाली घोडा उभा केल्यासारखा. चौरस टाका हवा तर ७ उभे आणि ६ आडवे धागे धरावे लागतील; मग टाका इंचाचा आठवा भाग होतो आणि कशिद्याची नजाकत जाते. वरून वेस्ट कॅनव्हास (टाके मोजण्यापुरतं लावायचं, नंतर धागे ओढून काढून टाकायचं जाळीदार कापड) लावायचा पर्यायही बाद. त्याचे धागे ओढताना टाके सैल होतात, शिवाय सुई कापडाचे धागे चिरत जाते.

बेत होता गोपुरांची रांग कोपऱ्यावर वळवून काठाने खाली न्यायची. हे लिहिता लिहिताच तो रद्द. वळवलेलं गोपूर बुटकं होईल हे तर आहेच, पण ते आडवंही पडेल. गोपूर, रथ, तुळशी वृंदावन, हत्ती यांना पाय असतात. ती जमिनीवर उभी असली तरच त्यांचा अर्थ लागतो. कमळाला आणि आठ पाकळ्यांच्या चांदणीला वर-खाली नाही, तीच काठाने धावू शकतात. तेव्हा गोपुरं पदरावर उभी, दोन्ही काठांना कमळांची मुर्गीची साखळी, आणि कोपऱ्यात दोघांनाही न शिवणारी एक सुटी चांदणी. चांदणी १६ बाय १६ची. या कापडावर ती १.१४ बाय १.३३ इंच होईल, म्हणून उभ्यात २ टाके कमी करून १६ बाय १४ काढायची. तिरपे पुन्हा मोजायला हवेत.