मेलंच ना ते, मग कापायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. हा प्रश्न मला ठाण्यात आमच्या सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्येसुद्धा विचारला गेलाय. मी जनावरांची डॉक्टर आहे, पण माझं काम मेलेल्या जनावरांचं रोगनिदान करण्याचं, हे कळलं की माणसं क्षणभर गप्प होतात. मग हळूच म्हणतात, "मेलंच ना ते बिचारं, मग आता कापायचं कशाला?"

नवी मुंबईत घणसोलीच्या गावठाणातल्या एका काकांनीही हेच विचारलं होतं. त्यांची चंद्री नावाची गाय तीन आठवडे आजारी होती. खाणं कमी, दूध आटलेलं. अपचन समजून औषधं झाली. तशीच लक्षणं होती, त्यात औषध देणाऱ्याची मोठी चूक मला दिसत नाही. मी पोचले तेव्हा जेसीबीने खड्डा खणून झाला होता, काकूंनी गाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं होतं. "तिला कापून काय मिलनार, बाय?" काका म्हणाले. मी विचारलं, "गोठ्यात अजून किती आहेत?" दोन होत्या. दोन्ही चंद्रीच्याच पोटच्या. काका थोडा वेळ खड्ड्याकडे बघत उभे राहिले, मग बाजूला झाले.

सुरी लावण्याआधी मी जनावर बाहेरून नीट बघते. अचानक मेलेल्या गुराच्या नाकातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल, तर ते उघडायचं नाही म्हणजे नाही. तो अँथ्रॅक्स, म्हणजे जंतूंमुळे होणारा जीवघेणा रोग, असू शकतो. शरीर उघडलं की त्या जंतूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातले सुप्त जंतू, बनतात आणि ते मातीत कित्येक दशकं तग धरतात. अशा वेळी कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं, बास. न कापणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे.

चंद्रीचं तसं नव्हतं. तिच्या गळ्याखालची लोंबती कातडी, म्हणजे पोळी, पाणी भरल्यासारखी सुजली होती. शेवटचे काही दिवस ती पाठीची कमान करून, पुढची कोपरं फाकवून उभी राहायची, उतारावरून खाली यायला तयार नसायची, असं काकू सांगत होत्या. छाती उघडली आणि कारण समोर आलं. हृदयाभोवतीची पिशवी निरोगी गाईत पातळ असते, आत थोडंसं स्वच्छ पाणी असतं. इथे ती चामड्यासारखी जाड झाली होती आणि आत दुर्गंधी येणारा राखाडी पू. हृदयाचा पृष्ठभाग खरबरीत, लोणी लावलेले पावाचे दोन तुकडे दाबून मग ओढून सोडवावेत तसा. मी बोटांनी मागे मागे चाचपत गेले. श्वासपटलातून, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्यातून, एक घट्ट दोरा गेल्यासारखं लागलं, आणि त्याच्या टोकाला, गाईच्या चार पोटांपैकी मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेल्या दुसऱ्या पोटात, तार होती. माझ्या करंगळीएवढी, गंजलेली.

गाय चारा निवडून खात नाही. तिच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, तोंडात गेलेलं बाहेर टाकणं तिला जमत नाही. ती भराभर गिळते आणि निवांत रवंथ करते. जड वस्तू त्या जाळीच्या पोटात जाऊन बसते. ते पोट सतत आकसत असतं आणि तिथून हृदय काही सेंटिमीटरच पुढे. दर आकसण्यासरशी तार थोडी पुढे सरकते.

मी ती धुऊन काकांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी लगेच ओळखली. बांधकामावर सळया एकमेकींना बांधायला वापरतात ती तार. गावठाणाला लागून टॉवर उभा राहत होता, आणि गाई त्याच कुंपणाशी चरायच्या.

उरलेल्या दोघींना पुढच्याच आठवड्यात तोंडावाटे चुंबक दिले. बोटाएवढा चुंबक त्याच पोटात जाऊन बसतो, जन्मभर राहतो आणि लोखंडाला धरून ठेवतो. तो आत आहे की नाही हे बाहेरून होकायंत्र धरून कळतं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर मात्र त्याचा काही इलाज नाही, आणि रस्त्यावरच्या गाईंच्या पोटातून मी त्या किती काढल्यात, ते आठवलं की आजही जीव तुटतो.

एक गाय, एक गोठा, एवढ्यापुरतंच हे असतं असं मात्र नाही. आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात जवळपास ९९.९ टक्के कमी झाली. ती का मरताहेत, कुणाला कळेना. विषाणू असेल, असंही वाटत होतं. उत्तर मिळालं ते मेलेली गिधाडं उघडून. यकृतावर, हृदयावर खडूची पूड शिंपडल्यासारखे युरिक ॲसिडचे पांढरे थर होते. मूत्रपिंडं निकामी झाली होती. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जात होतं. पाकिस्तानातल्या गिधाडांवरचं ते संशोधन २००४ मध्ये छापून आलं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केलं. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्झिकॅम हे दुखण्यावरचं औषध आज आम्ही वापरतो. त्या मेलेल्या पक्ष्यांना कुणी "आता कशाला" म्हणून पुरून टाकलं असतं, तर?

आणि तुम्ही हा प्रश्न आज विचारला असाल, घरचं कुत्रं-मांजर नुकतंच गेलंय म्हणून, तर एवढं करा. ठाण्याच्या उकाड्यात आतडी आणि मूत्रपिंडं काही तासांत बिघडतात, तेव्हा ठरवायला दुसरा दिवस उजाडू देऊ नका. अंगाभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण फ्रीजरमध्ये टाकू नका. गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. ते विचित्र वागत असेल, लाळ गाळत असेल, कुणाला चावलं असेल, तर उघड्या हाताने शिवू नका. रेबीजची शंका असते. चावलेल्या माणसाला जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन आधी दवाखान्यात न्या, लस सुरू करा. आमच्या निदानासाठी थांबू नका. मग आम्हाला फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी करा.