पुस्तक सांगायची दुपार

नागपूरच्या महाल भागातल्या मराठी शाळेत मी ग्रंथपाल होते. स्नेहसंमेलन डिसेंबरअखेरीस असायचं. नाटक, लेझीम, रांगोळ्या हे सगळं असायचंच, पण माझा जीव अडकलेला असे तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारी. त्या दुपारी ग्रंथालयात सतरंज्या अंथरल्या जात आणि आठवी-नववीची मुलं पाचवी-सहावीच्या मुलांना आपल्याला आवडलेलं पुस्तक सांगत. शिक्षकांनी मागच्या भिंतीपाशी बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही. मुख्याध्यापकही याला अपवाद नसत.

तीन मिनिटांत सांगायचं, शेवट फोडायचा नाही आणि पुस्तकातला एखादा तुकडा मोठ्यानं वाचायचाच, एवढं ठरलेलं होतं. "हे पुस्तक फार छान आहे, सर्वांनी अवश्य वाचावे" हे वाक्य म्हणायला मात्र सक्त बंदी! भाषणात टाळ्या मिळवणारं वाक्य ते, त्यानं कपाटातून पुस्तक निघत नाही. पुस्तक निघतं ते वाचलेल्या तुकड्यानं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' सांगणारा नववीतला एक मुलगा अजून डोळ्यांपुढे आहे. कादंबरी 1955 ची, अंगानं बारीक, म्हणून मुलं हातात घ्यायला बिचकत नाहीत. पहाटेच्या अंधारात पायी चाललेला तरुण मास्तर, ही सुरुवातच त्यानं वाचली. मग पुस्तकात बोट ठेवून म्हणाला, "हा मास्तर माझ्या मोठ्या भावाएवढाच असंल. अन् याले अख्ख्या गावाचं पाहा लागून राहिलं." धनगरांची ती वाडी, मेंढरं, म्हातारा कारभारी, मग पडलेला दुष्काळ, असं सांगत तो थांबला. पुढच्या रांगेतून एका चिमुरडीनं विचारलं, "मंग पाऊस आला का?" त्यानं पुस्तक मिटलं. "ते सांगायचं नसते." त्या वर्षी 'बनगरवाडी'च्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरून गेली आणि मला तिच्यावर दुसरी डकवावी लागली.

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' दर वर्षी कुणीतरी आणायचंच. त्यात कर्ण एकटा बोलत नाही. कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण असे सगळे आपापल्या तोंडून सांगतात. त्यामुळे दोघं-तिघं मिळून वेगवेगळे भाग वाचत. पाचवीतल्या मुलानं तो ठोकळा मागितला तर मी देत असे. जाड पुस्तक झेपणार नाही असं ठरवून मुलाच्या हातून काढून घेणं मला कधी पटलं नाही.

2007 साली साहित्य संमेलन नागपुरात भरलं आणि अरुण साधू अध्यक्ष झाले. मुंबईत बूटपॉलिश करणाऱ्या पोरांवरची त्यांची 'झिपऱ्या' आमच्या कपाटात आधीपासून होती. तिला खरी मागणी आली ती तेव्हा.

कवितांची गोष्ट मात्र वेगळी होती. कविता म्हणजे पाठांतर आणि संदर्भासहित स्पष्टीकरण, हे डोक्यात घट्ट बसलेलं. त्यावर मला एकच उपाय ठाऊक होता, कानावर घालणं. काटोलकडून येणारी एक मुलगी बहिणाबाई वाचायची. बोली खानदेशची, हिची आपली नागपूरकडची, पण जातं आणि शेत दोघींच्याही घरचं. लिहिता न येणाऱ्या बाईच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या आणि ती गेल्यावर 1952 साली त्यांचं पुस्तक झालं, हे ऐकून पोरं गप्प झाली. संध्याकाळी एकीनं विचारलं, "बाई, माही आजीपण गाते. मी लिहून ठेवू का?" मी तिला कोरी वही काढून दिली.

सुरेश भट मुलांना ठाऊक होते. रेशीमबागेतल्या सभागृहाचं ते नाव आहे, एवढंच बहुतेकांना माहीत! मग कुणीतरी गझल वाचे. पहिल्या शेरात दोन्ही ओळींचा शेवट सारखा, पुढं प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत तेच शब्द फिरून येतात. मुलांच्या कानाला हे कुणी शिकवावं लागत नाही. तिसऱ्या शेरापर्यंत शेवटचे शब्द अख्खी खोली म्हणायला लागायची, वाचणारा नुसता थांबून हसायचा.

ग्रेस यांच्यावरून आमच्या शिक्षक-खोलीत वाद व्हायचे. याच शहरात जन्मलेला, मॉरिस कॉलेजात मराठी शिकवणारा कवी, पण शाळेतल्या मुलांना तो कळणार कसा, असं सहकाऱ्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, कळायची घाई कशाला? 'संध्याकाळच्या कविता' मी स्वतः वाचून दाखवायची, तेवढ्यापुरता शिक्षकांच्या मौनाचा नियम मोडून. अर्थ कुणी विचारला नाही. दोन-चार मुलं मात्र दर वर्षी नंतर टेबलाशी रेंगाळायची, संग्रह चाळायची, एखादी ओळ वहीत उतरवून न्यायची. मला त्या दोन-चारांसाठीच ते पुस्तक त्या दिवशी टेबलावर हवं असायचं.

कार्यक्रम संपला की चिवडा आणि संत्री. सालं खिशात कोंबून मुलं नावनोंदणीच्या वहीपाशी झोंबायची. एकेका पुस्तकाला दहा-बारा नावं लागायची, आणि आपला नंबर कधी येतो हे विचारायला जानेवारीभर चकरा.

मी निवृत्त झाले तरी संमेलनाचं बोलावणं येतं आणि मी जातेच. यंदा गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' नेणार आहे. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्याची कादंबरी आहे, सहावीतल्या मुलालाही झेपेल. फक्त वाचायचं पान अजून ठरत नाही, तीन ठिकाणी खुणा घालून ठेवल्या आहेत.